गुंतवळावरचं पातेलं

आमच्या कर्जतजवळच्या भिसेगावच्या घरात मोरीच्या दारामागे एक खिळा आहे. त्या खिळ्याला कायम एक प्लास्टिकची पिशवी लटकलेली असते आणि पिशवीत असतं घरातल्या बायकांचं गुंतवळ. केस विंचरून झाले की कंगव्यात अडकलेले केस बोटाभोवती गुंडाळायचे, त्यांची गोळी करायची आणि पिशवीत टाकायची. अंगणात टाकायची नाही, चुलीत तर नाहीच नाही. मग कधीतरी डोक्यावर भांड्यांची पाटी घेतलेली एक बाई "केसावर भांडीऽऽ" असं ओरडत गल्लीत शिरते. तिच्या काट्याला पिशवी लावायची आणि बदल्यात एखादी वाटी नाहीतर चहाची गाळणी घ्यायची. मुंबईच्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या "शी!" म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या पार्लरमध्ये जे लांबसडक केस चिकटवून मिळतात ते कुठल्या झाडाला लागतात, हे त्यांनी एकदा विचारून बघावं.

आई आणि मी, दोघींच्या केसांनी ती पिशवी भरायला वर्ष लागायचं. मी चोवीस वर्षांची होते त्या वर्षी ती दिवाळीच्या आधीच दोनदा भरली.

आईला आधी आनंदच झाला. दुसऱ्या पिशवीवर तिला चांगलं जाड बुडाचं पातेलं मिळालं. ते घेऊन ती ओट्यावर आली, शेजारणीला दाखवायला. मी तिथेच उन्हात बसून केस विंचरत होते. आईने पातेल्याकडे बघितलं, मग माझ्या कंगव्याकडे बघितलं आणि शेजारणीला हाक मारायची राहूनच गेली. पातेलं तिने माळ्यावर नेऊन ठेवलं. काही दिवसांनी दूध तापवायला भांडं कमी पडलं तेव्हा मी म्हटलं, "ते नवीन काढ की."

"नाय काढायचं," ती म्हणाली. "तुजे केस हायेत ते. त्यात काय दूध तापवू?"

त्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला होता. टायफॉइडनंतर केस जातात आणि परत येतात, असं जो तो सांगत होता. माझे गेले ते शब्दाला जागून गेले. परत येताना मात्र थोडेच आले, आणि भांग रुंद होत राहिला.

मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या बाजूला गाळा काढून घेतलाय, त्यात दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि गिऱ्हाइकाच्या उंचीचा आरसा. धंद्याची सवय म्हणून मी एक दिवस टेप घेतली आणि भांग मोजला. पाव इंच. दोन महिन्यांनी अर्धा. शिवणात पाव इंच म्हणजे काहीच नाही, मार्जिनमध्ये जिरून जातो. डोक्यावर तो जिरत नाही. त्यात आमच्या धंद्यात गिऱ्हाईक उभं असतं आणि शिंपीण त्याच्या पायाशी गुडघ्यांवर. परकराची उंची घ्यायला खाली बसलं की सगळ्या भिसेगावला माझा माथा वरून दिसणार. मग मी उंची घेताना मान वर करून बोलायला लागले. "काकी, किती ठेवू? टाचेपर्यंत?" असं आकाशाकडे बघत. दोन परकर आखूड झाले तेव्हा ते सोडलं.

उपाय सगळे केले. कढीपत्त्याचं तेल केलं, मेथ्या वाटून लावल्या. कांद्याचा रस लावला त्या आठवड्यात एक नवरीमुलगी ट्रायलला आली आणि तिने खोल श्वास घेऊन विचारलं, "ताई, तुमच्याकडे आज मिसळ आहे का?" मी हो म्हणाले. तिला वाढेपर्यंत ती जागची हलेना, तेव्हा आईने खरोखरच मटकी परतायला घेतली. त्यानंतर मी मोबाइलवर बघून एक काळी पावडर मागवली. ती भांगात थोपटली की भांग गायब. मला वाटलं, जिंकलं. पण कर्जतचा उन्हाळा त्या पावडर करणाऱ्याने बघितलेला नसावा. एप्रिलच्या दुपारी मी मोतिया रंगाच्या ब्लाउजला हुक लावत होते, आणि कपाळावरून काळ्या घामाचा एक थेंब बरोबर छातीवरच्या टकच्या चुणीवर पडला. अख्खा ब्लाउज मला पुन्हा शिवावा लागला. गिऱ्हाइकाला सांगितलं, मशिनीचं तेल पडलं. मशीन बिचारी निमूट ऐकत होती.

शेवटी पनवेलला कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई भिंगातून माझा माथा बघत होत्या. त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि दुसऱ्या खेपेला सरळ सांगितलं, "ताप निमित्त झाला. हे घराण्यातून आलेलं दिसतंय. औषधाने आहेत ते टिकतील, थोडे वाढतीलही. पण पूर्वीच्या वेणीची वाट बघू नका. घरात कुणाचे केस विरळ आहेत?"

"बाबांना टक्कल आहे," मी म्हटलं. "बायकांत कुणाचे नाहीत. आत्याचा अंबाडा तर एवढा आहे." आणि दोन्ही हातांनी नारळ दाखवला.

परतीच्या एसटीत मी रडले. खोटं कशाला बोलू? चौक गाव येईपर्यंत रडले, मग शेजारच्या बाईने लिमलेटची गोळी दिली आणि रडत रडत गोळी चघळता येत नाही म्हणून थांबले.

आत्याबद्दल सांगायला हवं. बाबांची ही थोरली बहीण, खालापूरकडच्या एका गावात दिलेली. तिचा अंबाडा आमच्या नात्यात प्रसिद्ध होता. लग्नाकार्याला त्याला दोन पदरी गजरा लागायचा. लहानपणी मला तेल लावताना आई म्हणायची, "खा गं भाजी, आत्यासारखे केस व्हतील." डॉक्टरांकडून आले त्या दिवसापासून मी आत्यावर रागावले. त्या बाईचा काही दोष नव्हता. पण एकाच घराण्यातून तिने अंबाडा न्यावा आणि माझ्या वाट्याला बाबांचं डोकं यावं, हे मला पटत नव्हतं. तिचा फोन आला की मी मशीन जोरात चालवायची.

आणि गंमत म्हणजे माझं स्थळ आत्यानेच आणलं. तिच्या शेजारच्या गावातला मुलगा, खोपोलीच्या बाजूला कारखान्यात सुपरवायझर. बघायला आला तेव्हा डोक्यावर टोपी. मी पावडर थोपटून, वर ओढणी घेऊन बसलेली. मुलगा मला आवडला. चहा पिताना त्याने बाबांना विचारलं की गाळ्यातली दुसरी मशीन कुणाची. मी म्हटलं, दोन्ही माझ्याच, तर तो मनापासून खूश झाला. पुढच्या रविवारी आम्ही दोघंच कर्जत स्टेशनबाहेर वडापाव खायला भेटलो. मी ठरवून आले होते. पहिला घास घ्यायच्या आधीच म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचंय. माझे केस गेलेत. अजून जातील. परत येणार नाहीत."

त्याने वडापाव कागदावर ठेवला आणि टोपी काढली. कपाळ थेट माथ्यापर्यंत गेलेलं.

"मला वाटलं आज मलाच सांगावं लागणार," तो म्हणाला. "सकाळपासून घाम फुटलाय."

"तुमचं ठीक आहे," मी म्हटलं. "पुरुषाला टक्कल पडलं की लोक म्हणतात पैसा येणार."

"टक्कल पडून पाच वर्षं झाली. पैसा अजून रस्त्यात आहे." मग त्याने मिरची मोडून अर्धी माझ्या वड्यावर ठेवली. "माझ्या आईला मी सांगू का, तू सांगशील?"

दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही, कारण माझ्या आईने ते होऊ दिलं नाही. "त्याला सांगितलंस ना, बास झालं," ती म्हणाली. "त्याच्या घरी सांगायचं नाय. लगीन लागूंदे, मग बघू." मी वाद घातला. तिने डोळ्याला पदर लावला. आई रडायला लागली की माझा वाद तिथेच संपतो, आणि हे तिलाही चांगलं माहीत आहे.

आता अडचण होती ती तेलाची. आमच्या घरात हळदीच्या आधी नवरीला तेल घालतात. पाटावर बसवायचं, केस मोकळे सोडायचे आणि पाच सवाष्णींनी आंब्याच्या पानांनी पायाला, गुडघ्याला, खांद्याला आणि शेवटी डोक्याला तेल लावायचं. पहिला मान आत्याचा. हे सगळं भर मांडवात, आणि त्याच वेळी नवऱ्यामुलाकडच्या बायका त्याची उष्टी हळद घेऊन आलेल्या असतात, त्या समोर बसून बघणार. ज्याचे केस विरळ आहेत त्याला माहीत असतं, तेल लागलं की असलेले केसही डोक्याला चिकटून बसतात आणि मधली सगळी जमीन उघडी पडते. पावडर धुऊन जाते. त्या पाटावर लपायला जागाच नाही.

आईने महिनाभर डोकं चालवलं. कल्याणहून गंगावन आणलं, खऱ्या केसांचं, भरगच्च, महागाचं. ते जोडून मोठी वेणी घालायची, तिची गुंडाळी माथ्यावर आणायची, वरून मोगऱ्याची जाळी बसवायची आणि केस मोकळे सोडायचेच नाहीत. कुणी विचारलं तर आता पार्लरवाल्या असंच करतात म्हणायचं. आत्याला सांगायचं, पान डोक्याला टेकवल्यासारखं कर, तेल घालू नको. बाकीच्या चौघी आत्याचं बघून करतील. आत्याला कारण काय सांगायचं, तेवढं ठरायचं होतं.

मला हे नको होतं. मी तसं म्हणालेही. पण मनातून सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. खालापूरच्या बायका घरी जाताना टेंपोत काय बोलतील, याच्या पूर्ण ओळी मी मनात रचल्या होत्या. त्यामुळे मी आईला फार अडवलं नाही.

घर पाहुण्यांनी भरायला लागलं तसा आईला प्रश्न पडला, गंगावन ठेवायचं कुठे. कपाटात सगळ्यांचे हात. पेटीत साड्या, त्या बघायला बायका बसलेल्या. शेवटी तिने शक्कल लढवली. जिथे कुणी पाहुणा चुकूनही हात घालणार नाही अशी घरात एकच जागा होती. काळ्या पिशवीत गंगावन घालून तिने ते मोरीच्या दारामागच्या खिळ्याला लटकवलं. मला येऊन सांगितलं तेव्हा ती स्वतःवर इतकी खूश होती की मीही म्हटलं, "आई, तू पोलिसात जायला हवी होतीस."

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी बाबांबरोबर ती बाजारात गेली होती. मी गाळ्यात शेवटचे ब्लाउज उरकत होते, कारण माझं लग्न आहे म्हणून गिऱ्हाइकांची लग्नं थांबत नाहीत. मशिनीच्या आवाजात मला बाहेरची हाक ऐकू आली नाही. आत्याला आली.

दिवेलागणीच्या आधी मी घरात शिरले तर ओटीवर बायका जमलेल्या आणि मधोमध आत्या, मांडीवर स्टीलचा भलामोठा डबा. दहा किलो तांदूळ सहज मावतील असा, कडीचा. तेवढ्यात आई बाजारातून आली.

"बघ गं, काय आनलंय!" आत्या आईला म्हणाली. "भांडीवाली आलती. म्हनलं घरात लगीन हाय, गुंतवळ कशाला ठेवायचं? पिशवी एवढीशी आनि डबा बघ केवढा दिला! म्या मागितला बी नवता. तिनंच काढून दिला आनि चपला घालून निघाली बी."

आईच्या हातातली कोथिंबिरीची जुडी खाली गेली. "वन्सं," ती म्हणाली, "खिळ्याची पिशवी?"

"हां. काळी."

आई तिथेच जात्याजवळ खाली बसली.

बाबांना फक्त एवढंच सांगितलं की भांडीवालीला गाठा. ते मोटारसायकल काढून स्टेशनपर्यंत गेले. तिथे कळलं की बाई मघाच कशेळ्याच्या जीपमध्ये बसली. ते कशेळ्याला गेले. तिथे म्हणे ती आज बाजारात पाटीच न मांडता पुढच्या जीपने मुरबाडकडे गेली. जाणारच. रोज कोंबडीची पिसं मिळणाऱ्या माणसाला मोर सापडला होता. बाबा टेकडीसारखं डोकं खाजवत परत आले आणि म्हणाले, "एका पिशवीसाठी मुरबाडला जाऊ काय?"

मला हसू फुटलं. आवरेना. दोन्ही हात तोंडावर धरले तरी आवरेना. "हसतीस काय गं?" आई कळवळून म्हणाली. "उद्या काय करायचं? उद्या त्या समद्या बघतील ना!" आणि मग, बायकांसमोर तोंडातून गेलंच होतं म्हणून, आत्याला आतल्या खोलीत नेऊन तिने सगळं सांगितलं. माझा भांग, डॉक्टर, पावडर, कल्याण.

आत्याने ऐकून घेतलं. मग उठून दाराला कडी लावली. पलंगावर माझ्या शेजारी बसली आणि अंबाड्यातले आकडे एकेक करून काढायला लागली. सात-आठ आकडे निघाले. मग तिने दोन्ही हातांनी अंबाडा उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"घे," ती म्हणाली. "कल्यानचं नाय, पन चांगलं हाय. धुतलेलं हाय."

मी मांडीवर बघत होते. मग वर बघितलं. आत्याच्या मानेवर करंगळीएवढी पांढरी शेपटी होती आणि माथा माझ्यापेक्षा मोकळा. ती एकदम लहान दिसत होती.

"वन्सं!" आई म्हणाली.

"तुजा बाप एवढा टकला, मी काय आबाळातनं पडले?" आत्या मला म्हणाली. "धाकट्याच्या बाळंतपनात गेले ते आलेच नाय. तवापासून हाय हे. आमच्या मालकांना तेवढं ठावं. तेच जत्रेतनं आनून देतात. दाखवत नाय, पिशवी नुसती फडताळात ठेवतात."

"पंचवीस वर्सं मी तुमच्या अंबाड्याचा हेवा केला हो," आई म्हणाली आणि तिलाही मधेच हसू आलं, पण ते नीट बाहेर पडलं नाही.

मला मात्र राग आला. खराखुरा. वर्षभर उगाच धरलेला राग वेगळा, हा वेगळा. "एका शब्दाने सांगितलं असतंस तर?" मी आत्याला म्हटलं. "डॉक्टरांनी विचारलं घरात कुणाचे गेलेत, तर मी तुझा नारळ दाखवून आले. वर्षभर मला वाटत होतं बायकांत मी एकटीच अशी जन्मले."

आत्याने माझ्या मांडीवरच्या केसांवरून हात फिरवला. "मला बी कोनी सांगितलं नवतं गं," ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी दार वाजवून साखर कुठे आहे विचारत होतं. आईने बसल्या जागेवरूनच "फळीवर" म्हणून ओरडून सांगितलं.

"आणि हे मी घेतलं तर उद्या तू काय करशील?" मी विचारलं. "पहिला मान तुझा. सगळ्यांसमोर पदर खाली पडला तर?"

"माजं काय. म्हातारीला कोन बघतं?"

"मी बघते." मी ते गंगावन तिच्या हातात परत दिलं. "मला नको. कल्याणचं नको, जत्रेतलं नको. उद्या मी केस मोकळे सोडणार आणि तू पानभर तेल घालायचं. टेकवल्यासारखं नाही, घालायचं."

हे बोलताना माझा आवाज घट्ट होता. आई कडी काढून बाहेर गेली. मला वाटलं, झालं, आता ही लग्नभर बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर होणाऱ्या नवऱ्याचा फोटो आला. त्याच्याकडे तेल आधी झालं होतं. तेल घातलेलं त्याचं डोकं मांडवाच्या उजेडात लखलखत होतं आणि खाली लिहिलेलं, "आरसा विसरली असशील तर ये." मी तो फोटो आत्याला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "पोरगा चांगला हाय गं. म्याच बघितलाय."

दुपारी मला पाटावर बसवलं. केस मोकळे. फार काही मोकळं सोडण्यासारखं नव्हतंच, पण सोडले. समोर सतरंजीवर खालापूरच्या बायका, मधोमध माझी होणारी सासू, हळदीची वाटी मांडीवर घेऊन. तेल यायचं होतं. आई घरातून आली तेव्हा तिच्या हातात ते पातेलं होतं. माळ्यावरचं, जाड बुडाचं. तिने ते घासून चकचकीत केलं होतं आणि त्यात तेल कोमट करून आणलं होतं. माझ्या समोर ठेवताना ती माझ्याकडे बघायचं टाळत होती, कारण बघितलं असतं तर आम्ही दोघी तिथेच रडलो असतो. पातेलं जवळजवळ काठोकाठ भरलेलं होतं.

आत्या पुढे झाली. पदर डोक्यावरून घेतलेला. पाय, गुडघे, खांदे झाले. मग तिने पान पातेल्यात बुडवलं आणि सांगितल्यासारखं, पानभर, माझ्या माथ्यावर ओतलं. दाट केसांत तेल अडतं, मुरतं. माझ्या डोक्यावर ते कशालाच अडलं नाही. भांगातून निघालं ते कपाळावरून थेट नाकाच्या शेंड्यावर आलं आणि तिथे थांबलं.

मागे कुणीतरी कुणाच्या तरी कानात "अगं बाय, एवढ्यात?" असं म्हणालं, आणि ते मला ऐकू आलं. लागलंही. अजून कधी आठवलं की लागतं. मी सासूकडे बघितलं. ती माझ्या डोक्याकडे बघत होती, मग तिने आपल्या बरोबरच्या बायकांकडे बघितलं.

"बरं झालं," ती मोठ्याने म्हणाली. "आमचा तसा, ही अशी. दोघांना मिळून एक कंगवा पुरंल."

पहिली हसली ती माझी आई. इतक्या जोरात की तिला ठसका लागला. मग सगळा मांडव हसला. मीही हसले आणि नाकावरचं तेल ओठांवर आलं. सासू गुडघ्याला हात देत उठली, आत्याच्या हातातलं पान घेऊन म्हणाली, "द्या हिकडं, येळ झालाय," आणि तिनेही माझ्या डोक्यावर तेल घातलं, व्यवस्थित, बोटांनी जिरवून.

पाचही जणींचं झालं. मग जे नेहमी होतं ते सुरू झालं, बायका एकमेकींना तेल आणि हळद माखायला लागल्या. आत्या बाजूला सरकत होती. पंचवीस-तीस वर्षं ती याच वेळी स्वयंपाकघरात काहीतरी बघायला जायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी पाटावरून तिचा हात धरला.

"बस इथे," मी म्हटलं.

"नगं गं."

"बस."

ती माझ्या पुढ्यात पाटाजवळ खाली बसली. मग तिने स्वतःच पदर मागे घेतला. अंबाडा नव्हता. मानेवर ती करंगळीएवढी शेपटी, रबर लावलेली. मांडवातल्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. मी पान घेतलं नाही. पातेल्यात पाची बोटं बुडवली आणि तिच्या माथ्यावर ठेवली. तिचं डोकं गरम होतं. मी हळूहळू तेल जिरवत राहिले, कानांच्या मागून, मानेपर्यंत, आई मला लहानपणी लावायची तसं.

आत्याने डोळे मिटले.

"थांबू नको," ती म्हणाली. "तीस वर्सांत माज्या डोक्याला कोनाचा हात लागला नाय."